मुंगीचे पाय कुठून निघतात: परिसर अभ्यास आणि चित्रकला एकत्र शिकवण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र सांभाळता. परिसर अभ्यासातील सजीवांचे पाठ आणि चित्रकला यांची सांगड घाला, अशी सूचना प्रत्येक प्रशिक्षणात मिळते. प्रत्यक्षात मात्र मुले पुस्तकातले फुलपाखरू पाहून तसेच उतरवतात, ते रंगवतात आणि दोन्ही विषयांची टाचणे (पाठांच्या नियोजनाच्या नोंदी) एकदम पूर्ण होतात. यातून मुलांना खरोखर काही कळावे यासाठी काय करावे, विकतच्या साहित्याशिवाय ते कसे जमवावे आणि शेवटी मूल्यमापन नेमके कशाचे करावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. चित्र आणि जीवविज्ञान यांची खरी गाठ निरीक्षणात पडते. आणि निरीक्षण तेव्हाच घडते, जेव्हा चित्र काढताना मुलाला काहीतरी ठरवावेच लागते आणि त्याने जे ठरवले ते समोरच्या सजीवाशी ताडून पाहता येते. वहीत ‘मुंगी’ असा शब्द लिहिताना तिच्या पायांविषयी काहीच ठरवावे लागत नाही. तिचे चित्र काढताना मात्र पाय किती, ते शरीराच्या कोणत्या भागातून निघतात आणि कोणीकडे वाकतात, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही. छापील आकृतीत रंग भरताना हे सगळे आधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. त्यातून फार तर हाताला वळण लागते. म्हणून उपक्रम निवडताना मी एक साधी कसोटी लावते. उपक्रमातून खरा सजीव वगळला तरी तो तसाच पार पडत असेल, तर त्यात विज्ञान नाही. आणि चित्र वगळले तरी मुलाला तेवढेच कळत असेल, तर तिथे चित्राची गरज नाही. कापसाचे ढग, थर्माकोलचे हृदय आणि चकचकीत कागदाची अन्नसाखळी या कसोटीला बहुधा उतरत नाहीत, मग ती प्रदर्शनात कितीही शोभून दिसोत.

सुरुवात मुंगीपासूनच करावी, कारण ती प्रत्येक शाळेत आहे आणि ती आपल्याला माहीत आहे असे प्रत्येक मुलाला वाटते. पहिल्या दिवशी काहीही न दाखवता फक्त आठवणीने मुंगी काढायला सांगावी. बहुतेक मुले दोन किंवा तीन गोळे काढतात, प्रत्येक गोळ्याला पायांच्या जोड्या वाटून देतात आणि पुढच्या गोळ्यावर दोन डोळे व हसरे तोंड काढतात. या चित्रांवर काहीही बोलू नये, चूक-बरोबर करू नये. कागदावर तारीख घालून ती ठेवून द्यावीत. दुसऱ्या दिवशी भिंतीकडेला सापडलेले मेलेले मोठे काळे मुंगळे पांढऱ्या कागदावर ठेवून प्रत्येक गटाला एक भिंग द्यावे आणि तळहाताएवढे चित्र काढायला सांगावे. आता वर्गात वाद सुरू होतो, आणि तो होऊ द्यावा. सहाही पाय मधल्या एकाच भागातून निघतात, मागच्या मोठ्या भागाला एकही पाय नाही, मध्ये कंबर अगदी बारीक आहे आणि डोक्यावरच्या मिशा मधेच काटकोनात वळलेल्या आहेत, हे मुले एकमेकांना दाखवू लागतात. शिक्षकाने ‘कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात’ हे वाक्य फळ्यावर लिहायचे ते या वादानंतर, आधी नाही. त्याच आठवड्यात कोपऱ्यातला कोळी दाखवला की शरीराचे दोनच भाग आणि पाय आठ, हा फरक मुले स्वतःच सांगतात, आणि ‘मग कोळी कीटक आहे का?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

या पद्धतीत तीन गोष्टींची शिस्त मी कटाक्षाने पाळते. पहिली म्हणजे शिक्षकाने फळ्यावर चित्र काढून दाखवायचे नाही. आपला हात कितीही चांगला असला तरी फळ्यावर मुंगी उमटली की खाली सगळीकडे आपलीच मुंगी दिसू लागते. दुसरी म्हणजे निरीक्षणाच्या चित्राला खोडरबर नाही. चुकलेल्या रेघेच्या शेजारी नवी रेघ काढावी. पहिली रेघ तशीच राहिली तर मूल कुठून कुठे गेले ते आपल्याला दिसते, आणि खोडण्यात जाणारा अर्धा तासही वाचतो. तिसरी म्हणजे ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला प्रोत्साहनाचे गोड शब्द न देता नेमका प्रश्न द्यावा: सर्वांत रुंद भाग कुठे आहे, या पायाची लांबी शरीराच्या निम्मी आहे की त्याहून जास्त, दोन पायांमधली मोकळी जागा कशा आकाराची आहे. हे शेवटचे विशेष उपयोगी पडते, कारण मोकळ्या जागेचा आकार मुलाच्या आठवणीत आधीपासून नसतो. तो पाहूनच काढावा लागतो. चित्रकलेच्या शिक्षणातला हा अगदी पायाचा भाग आहे. सांगड घालताना चित्रकलेलाही तिचे स्वतःचे काहीतरी शिकवता आले पाहिजे. ती केवळ विज्ञानाच्या मदतीला बोलावलेली नको.

आपल्याकडच्या मुलांच्या वहीत एक देखावा ठरलेला असतो: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, कडेला चॉकलेटी खोडाचे झाड. त्या देखाव्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या चॉकलेटी खोडाला एकदा शाळेच्या आवारात नेऊन उभे करावे. कडुनिंबाची साल काळपट आणि भेगाळलेली असते. पेरूचे खोड गुळगुळीत असून त्याचे पापुद्रे निघतात आणि खाली फिकट हिरवट चट्टे दिसतात. गुलमोहर राखाडी असतो. मेणखडू आडवा धरून कागदावर सालीचे ठसे घ्यायला लावले, ठसे मिसळून टाकले आणि ‘हा ठसा कोणत्या झाडाचा ते शोधा’ असे सांगितले, तर तिसरीच्या मुलांना एक तासिका पुरत नाही. आपल्या आवारात चारच झाडे असली तरी हरकत नाही.

आता ज्या उपक्रमावर मी सर्वांत जास्त भर देते तो सांगते, कारण त्यात रंग शिकवता येतो आणि वनस्पतीची वाढही. माघ-फाल्गुनाच्या सुमारास आंब्याला नवी पालवी फुटते. टोकाची कोवळी पाने तांबूस असतात, पातळ असतात आणि लोंबतात. त्यांच्या खालची पिवळसर हिरवी. आणि त्याहून खालची गडद हिरवी, जाड व ताठ. अशी एक डहाळी प्रत्येक गटासमोर पाण्यात ठेवावी आणि मुलांना फक्त चार रंग द्यावेत: पिवळा, निळा, लाल आणि पांढरा. पेटीतला तयार हिरवा रंग बाजूला काढून ठेवावा. टोकापासून खाली येत प्रत्येक पानाचा रंग कागदाच्या पट्टीवर मिसळून तयार करायचा, तो वाळला की ती पट्टी पानाला लावून पाहायची आणि जुळत नसेल तर पुन्हा मिसळायचा. पिवळ्यात निळा किंचित घातला की कोवळा हिरवा मिळतो, हे मुलांना लवकर सापडते. गडद पानासाठी ती हमखास काळा मागतात; तो देऊ नये. हिरव्यात लाल रंगाचा एक ठिपका मिसळला की हिरवा मंद आणि गडद होतो, ही गोष्ट सांगण्यापेक्षा सापडू देण्यात गंमत आहे. पट्टी पूर्ण झाली की त्या मुलासमोर पानाच्या वयाची एक रंगमाला तयार असते. मग विज्ञानाचे प्रश्न विचारावेत. सर्वांत लहान पान हिरवे का नाही? त्यात हरितद्रव्य अजून पुरेसे तयार झालेले नसते आणि लाल रंगद्रव्य दिसत असते. मग ते आपले अन्न स्वतः पूर्णपणे तयार करू शकेल का? नाही, त्याला जुन्या पानांकडून अन्न मिळते. अळ्यांनी कुरतडलेली भोके कोणत्या पानांवर जास्त आहेत, ते मोजायलाही सांगावे. उत्तर आपल्याकडे तयार ठेवू नये, कारण झाडागणिक ते वेगळे येऊ शकते. पालवीचा हंगाम हुकला तर जांभळाच्या किंवा पिंपळाच्या कोवळ्या पानांवरही हे करता येते.

फुलपाखराच्या जीवनचक्राविषयी आपण वेगळे विचारले आहे. पुस्तकात चार चित्रे आणि त्यांना गोल जोडणारे बाण असतात. मुले तो गोल पाठ करतात आणि अळी काय खाते, कुठे राहते हे त्यातून निसटते. त्यापेक्षा लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड शोधावे. काळ्या-पिवळ्या नक्षीचे एक फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर एकेक गोल, फिकट पिवळे अंडे घालते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला काळपट-तपकिरी असून तिच्यावर पांढरा डाग असतो, त्यामुळे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगासारखी नळी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हा प्रसंग पाहिलेली मुले तो कधी विसरत नाहीत, तरी मुद्दाम वारंवार डिवचू देऊ नये. अळीसह डहाळी लहान बाटलीतल्या पाण्यात ठेवावी, अळी पाण्यात पडू नये म्हणून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, ती सगळी मांडणी मोठ्या बरणीत ठेवून वर जाळीचे कापड बांधावे आणि रोज ताजी पाने द्यावीत. सारे चक्र ऋतुमानानुसार साधारण तीन ते पाच आठवड्यांत पूर्ण होते.

रोज परिपाठानंतर दोन मुलांनी अळीचे चित्र काढायचे, पण जिवंत आकाराएवढेच. त्यासाठी अळीशेजारी कागदाची पट्टी धरून लांबीची खूण करावी आणि त्या खुणेतच चित्र बसवावे. चित्रे एका ओळीत भिंतीला लावत गेले की वाढीचा आलेख आपोआप तयार होतो. कात टाकल्यानंतर डोके एकदम मोठे दिसू लागते, तेही त्या ओळीतच दिसते. पायांकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधावे. मुले अळीच्या सगळ्या पोटाला पाय काढतात. भिंगातून पाहिल्यावर कळते की पुढे तीन जोड्या बारीक, टोकदार पायांच्या आहेत आणि मागे पाच जोड्या मऊ गादीसारख्या आधारांच्या. पुढच्या त्या सहा पायांच्या जागीच फुलपाखराचे सहा पाय येतात. ही एक गोष्ट मुलांच्या चित्रात उतरली, तर अळी आणि फुलपाखरू हा एकच जीव आहे, हे त्यांना वाक्याशिवाय पटते. कधी कोषातून फुलपाखराऐवजी लहान गांधीलमाशीसारखे किंवा माशीसारखे कीटक बाहेर पडतात, कारण त्यांच्या मादीने अळीत किंवा कोषात आधीच अंडी घातलेली असतात. अशा वेळी मुले हिरमुसतात आणि शिक्षकालाही प्रकल्प फसल्यासारखे वाटते; पण तेही चित्र त्याच ओळीत लावावे. परसबागेत असे रोज घडते.

सतराव्या शतकात युरोपात जन्मलेली मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती हेच करत असे. ती अळ्या घरी वाढवी, आणि अंडी, अळी, कोष व फुलपाखरू हे सगळे त्या अळीच्या खाद्य-वनस्पतीवरच एका चित्रात दाखवी. दक्षिण अमेरिकेतील सुरीनाममध्ये जाऊन तिने केलेल्या कीटकांच्या चित्रांचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना तिचे नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. तिच्या चित्राची मांडणी मात्र बाणांच्या गोलापेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि चौथीच्या मुलांना शेवटी असे एक मोठे गटचित्र करता येते. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याजवळच्या दापुरीचे, म्हणजे आजच्या दापोडीचे, आहे. तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ नंतरच्या काही वर्षांत एका भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची १७० च्या आसपास चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही.

फुलाचा पाठ शिकवताना जास्वंद आणि भेंडी यांची जोडी घ्यावी. जास्वंद एकेरी, पाचच पाकळ्यांची निवडावी. दुहेरी जास्वंदात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मुलांचा गोंधळ उडतो. प्रत्येक गटाने फूल हलक्या हाताने सोडवून त्याचे भाग कागदावर ओळीने मांडायचे आणि मांडलेल्या भागांचे चित्र काढायचे. आख्ख्या फुलाचे चित्र त्यानंतर. मधली लांब नळी, तिच्यावर दाटीने बसलेले पुंकेसर आणि टोकाला पाच लहान मखमली ठिपके, एवढे तिसरीच्या मुलालाही दिसते. दुसऱ्या दिवशी भेंडी आडवी कापून तिचे ठसे घ्यावेत. भेंडीचे ठसे प्रत्येक शाळेत घेतले जातात, त्यांची फुले करून भेटकार्डे बनवली जातात, आणि तिथेच थांबले जाते. मी तो ठसा फूल म्हणून वापरू देत नाही. ठशातले कप्पे मोजायला सांगते, बहुधा ते पाच भरतात. प्रत्येक कप्प्यात बी कुठे चिकटले आहे ते बारीक ब्रशने ठशातच दाखवायला सांगते. मग भेंडी उभी चिरून एका कप्प्यातल्या बियांची रांग काढायला लावते. तेव्हा कोणीतरी विचारतेच की जास्वंदाच्या टोकालाही पाच ठिपके होते, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का. संबंध आहे: दोन्ही एकाच कुळातली आहेत, आणि फुलाच्या तळाशी असलेल्या अंडाशयाचेच पुढे फळ होते. आपल्याकडे बागेतल्या जास्वंदाला फळ क्वचितच धरते, म्हणून फळ पाहायला भेंडीच हवी. भेंडीचे पिवळे फूल मिळाले तर त्यातही तीच मधली नळी दिसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांनी कपाशीचे फूल आणि बोंड घेतले तर अधिकच चांगले, कारण तेही याच कुळातले आणि मुलांच्या घरच्या शेतातले.

नैसर्गिक रंगांविषयी फार लिहीत नाही, कारण हळद, पळस आणि पालक यांचे रंग आपण आधीच करून पाहिले आहेत असे दिसते. फक्त ते रंग करून थांबू नये. लाल जास्वंदाची पाकळी कागदावर घासली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले की हिरवट होतो. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी लावली की तो कुंकवासारखा लाल होतो. या कागदांवर लिंबू आणि सोड्याने चित्र काढणे ही मुलांना जादू वाटते. त्यानंतर विचारायचा प्रश्न असा, की फुलाला हा रंग कशासाठी लागतो. आणि उत्तरासाठी मुलांना दहा मिनिटे फुललेल्या झाडासमोर गप्प बसवावे. पांगारा, पळस किंवा सावर फुललेली असेल तर मैना, बुलबुल आणि शिंजीर यांची ये-जा पाहूनच अर्धे उत्तर मिळते.

वारली चित्रांचा उपयोग करावा का, असेही आपण विचारले आहे. करावा, पण कोणत्याही विषयाच्या चित्राला त्रिकोणी माणसांची किनार लावण्यापुरता नको. या चित्रशैलीतले प्राणी आणि झाडे अगदी मोजक्या रेषांत असूनही कोणते कोणते ते लगेच ओळखू येते. पद्मश्री जिव्या सोमा म्हशे यांच्या एखाद्या चित्राची छापील प्रत मिळाली तर मुलांना एवढेच विचारावे की या चित्रातला मोर तुम्ही कशावरून ओळखला, ताडाचे झाड कशावरून, मुंग्या कशावरून. म्हणजे चित्रकाराने काय ठेवले आणि काय सोडले. सजीवांचे वर्गीकरण करताना ओळखीचे लक्षण निवडावे लागते, तेच काम चित्रकाराने इथे केलेले असते. मग मुलांनी आपल्या परिसरातला एक प्राणी जास्तीत जास्त सात रेषांत असा काढावा की शेजारच्या गटाला नाव न सांगता ओळखता आला पाहिजे. बगळा आणि कावळा, शेळी आणि कुत्रा यांत फरक दाखवणारी एक रेष शोधताना मुले चोच, मान, शेपूट, शिंगे यांविषयी जे बोलतात, ते टिपून ठेवण्यासारखे असते. गेरूने सारवलेला खाकी कागद आणि तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट एवढे साहित्य पुरे. मात्र लग्नातला देवचौक, म्हणजे भिंतीवर काढली जाणारी देवतेची चौकट, हा त्या समाजाच्या धार्मिक विधीचा भाग आहे. तो वर्गातला सराव म्हणून काढून घेऊ नये.

बाकीच्या कला थोडक्यात. रांगोळीतून सममिती उत्तम शिकवता येते: सदाफुली पाचही बाजूंनी सारखी दुमडते, गोकर्णाचे फूल एकाच रेषेवर दुमडते, हे कागद दुमडून ताडावे आणि मगच ठिपके मांडावेत. दसऱ्याच्या झेंडूची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र लहान फूल असते, हे सोडवून पाहणे एका तासिकेचे काम आहे. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लावण्यापूर्वी आणि फुटून वळल्यानंतर, अशी दोन चित्रे श्रावण-भाद्रपदात काढून घ्यावीत. अभिनय मला सजीवांच्या हालचालीपुरताच उपयोगी वाटतो. गोगलगाय, गांडूळ आणि नाकतोडा प्रत्यक्ष पाहून त्यांची चाल करून दाखवावी, ‘मी झाड बोलतोय’ धर्तीची भाषणे मात्र भाषेच्या तासाला ठेवावीत. डोळे मिटून ऐकलेल्या पक्ष्यांच्या आवाजाची चढती-उतरती रेघ काढणे हा मला स्वतःला फार आवडणारा उपक्रम आहे. पावशा आणि भारद्वाज यांच्या रेघा किती वेगळ्या येतात ते करून पाहावे.

वेळापत्रकाचे म्हणाल तर आठवड्यातून एकच जोडतासिका या कामाला द्यावी, रोज थोडे थोडे करू नये; अळीचे रोजचे चित्र एवढाच अपवाद. दोन्ही इयत्तांना सजीव एकच द्यावा आणि प्रश्न वेगळा द्यावा. एकच मुंगळा पाहून तिसरीने पाय आणि शरीराचे भाग दाखवावेत. चौथीने तो दहापट मोठा काढावा, मोजमाप लिहावे, भागांना नावे द्यावीत आणि कोळ्याशी तुलना करावी. साहित्यात दोन-तीन भिंगे, एका बाजूने छापलेले पण दुसऱ्या बाजूने कोरे कागद, पेन्सिली, मेणखडू आणि चार रंगांच्या बाटल्या एवढे असले की वर्ष निघते. पाने आणि फुले शक्यतो गळलेलीच घ्यावीत आणि ज्या दिवशी तोडावी लागतील त्या दिवशी गटाला एकच. फुलपाखरू पंखाला धरून पकडू देऊ नये, पंखावरचे खवले निघतात. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, खाजकुइलीच्या शेंगांजवळ जायचे नाही, आणि कण्हेर, धोतरा व रुई गोळा करायच्या यादीतून सरळ वगळावीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. सहलीला निघण्यापूर्वी या वनस्पती आपण स्वतः ओळखून घ्याव्यात.

आता मूल्यमापन. सुबकपणाला गुण देऊ नयेत, असे मी ठामपणे सांगते. सुबक चित्र काढणारी दोन-तीन मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि अनेकदा तीच समोर न पाहता काढतात, कारण त्यांचा हात आधीच तयार असतो. त्याऐवजी आठवणीचे पहिले चित्र आणि पाहून काढलेले दुसरे चित्र शेजारी ठेवावे आणि दोघांत काय बदलले एवढेच पाहावे. पहिल्या चित्रात पाय तिन्ही भागांना होते, दुसऱ्यात मधल्या भागाला आले, हा बदल म्हणजेच अध्ययन निष्पत्ती. चित्र वेडेवाकडे असले तरी ती साध्य झाली. त्याबरोबर मुलाने स्वतः सांगितलेले एक वाक्य चित्राखाली त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात उपक्रम आणि प्रात्यक्षिक या साधनांखाली या दोन चित्रांची नोंद सहज बसते. वर्णनात्मक नोंदीत ‘चित्र छान काढतो’ असे लिहिण्याऐवजी ‘आंब्याच्या कोवळ्या पानाचा रंग चौथ्या प्रयत्नात जुळवला, जुन्या पानापेक्षा ते पातळ असल्याचे स्वतःहून सांगितले’ किंवा ‘अळीचे पुढचे आणि मागचे पाय वेगळे दाखवले, मागच्यांची संख्या अजून चुकते’ असे लिहावे. कला आणि परिसर अभ्यास या दोन्ही रकान्यांत तीच नोंद चालते. केंद्रप्रमुखांनी भिंतीवरची चित्रे ओबडधोबड का, असे विचारले तर प्रत्येक चित्राशेजारी त्याच मुलाचे आठवणीचे पहिले चित्रही लावलेले असावे. दोन्हींवर तारीख असावी आणि खाली मुलाचे वाक्य असावे.